संस्कार आणि आठवण

महाविद्यालयात शिकणारा मुलगा अथवा मुलगी दिवाळीच्या सुट्टीत घरी आली, म्हणजे पहिले दोन दिवस घरात मोठी लगबग असते. आजी दृष्ट काढते, आई आवडीचे पदार्थ पुढे करते, काका परीक्षेची विचारपूस करतात आणि धाकटी भावंडे नव्या सामानाभोवती पिंगा घालतात. तिसऱ्या दिवशी जेवणे आटोपल्यावर कोणीतरी वडीलधारे माणूस सुपारी कातरीत सहज विचारते, "काय रे, तिकडे विशेष काय?" आणि उत्तर येते, "विशेष काही नाही."

हे उत्तर खोटे असते असे नाही. ते अपुरे असते. वसतिगृहातल्या पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागलेला नसतो. खानावळीतल्या पहिल्या घासाबरोबर घसा दाटून आलेला असतो. शाळेत कधी न ऐकलेला 'अनुत्तीर्ण' हा शब्द पहिल्याच चाचणीत स्वतःच्या नावापुढे वाचावा लागलेला असतो. जिवाला जीव देणारा एखादा स्नेही लाभलेला असतो. हे सर्व त्या 'विशेष काही नाही'च्या पोटात दडलेले असते. मोबाईलमध्ये छायाचित्रे शेकड्यांनी असतात. ती बोटाने एकामागून एक सरकवीत घरच्यांना दाखविली जातात. हा अमुक, ही तमुक, हा सहलीचा डोंगर, हा संमेलनाचा मंडप. मंडळी कौतुकाने पाहतात. परंतु पाहून झाल्यावर मुलाच्या अंतरंगासंबंधी त्यांचे ज्ञान जेथे होते तेथेच राहते.

ज्यांनी लहानपणी अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' अभ्यासिला असेल, त्यांना स्मरत असेल की त्या ग्रंथात ज्ञानाचे दोन प्रकार केले आहेत, एक अनुभव आणि दुसरी स्मृती. आणि स्मृती म्हणजे केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारे ज्ञान, अशी तिची व्याख्या दिली आहे. येथे 'संस्कार' हा शब्द आपण घरात वापरतो त्या अर्थाने आलेला नाही. नैयायिकांच्या मते संस्कार तीन प्रकारचा : वेग, भावना आणि स्थितिस्थापक. अनुभवापासून मनावर जो ठसा उमटतो आणि पुढे ज्याच्यामुळे आठवण होते, तो 'भावना' नावाचा संस्कार. स्थितिस्थापक संस्कार निराळा. तो चटईसारख्या पदार्थात राहतो. चटई ताणून धरली तोवर सरळ, हात काढला की पुनः पूर्ववत् गुंडाळी. आपण मुलांवर जे संस्कार केले म्हणून अभिमानाने सांगतो, त्यांतील कितीतरी या चटईच्या जातीचे असतात, असे मला पुष्कळदा वाटत आले आहे. परवचा, श्लोक, वडिलांना वाकून नमस्कार, हे सर्व आपला हात आहे तोवर सरळ असते. मनावर खरा ठसा कशाचा उमटला, हे मात्र करणाऱ्याला कळत नाही. ते ज्याच्यावर झाले त्याच्या आठवणीवरूनच कळावयाचे; दुसरे प्रमाण नाही.

म्हणून महाविद्यालयीन वयातील मुलामुलींच्या आठवणींना मी फार मोल देतो. लहान मुलाला आठवण असते, पण तिचा अर्थ लावता येत नाही. म्हाताऱ्याला अर्थ लावता येतो, पण तो इतक्या वेळा लावलेला असतो की मूळची आठवण त्याखाली झाकून जाते. अठरा ते बावीस या वयात मनुष्य प्रथमच घरापासून पुरेसा दूर उभा राहून घराकडे पाहतो, आणि त्याचा ठसा अद्याप ओला असतो.

पस्तीस वर्षे मी माध्यमिक शाळेत संस्कृत व मराठी शिकविले. 'माझ्या जीवनातील अविस्मरणीय प्रसंग' या विषयावरील निबंध किती तपासले असतील त्याची गणती नाही. त्या निबंधांत मुले काय लिहितात हे वाचकांपैकी जे शिक्षक असतील त्यांना सांगावयास नको. कोणी चांदण्या रात्री गड चढतो, कोणाला बक्षीस मिळते, कोणी अंध भिकाऱ्याला रस्ता ओलांडून देतो. एका वर्षी एकाच वर्गातील अकरा मुलांनी बुडणाऱ्या मुलास पाण्यातून बाहेर काढले होते. आमच्या गावाला नदी नाही. हा दोष मुलांचा नव्हे. बाजारात मिळणाऱ्या मार्गदर्शकांत प्रसंग छापून तयार असतात, आणि घरीही मुलाला हेच शिकविलेले असते की चारचौघांत सांगावयाची आठवण ही गोड, बोधप्रद आणि वडिलांचा मान राखणारी असावी. घरातली खरी आठवण घरात ठेवावी. ती कागदावर आणू नये.

याचा परिणाम काय होतो, त्याचे एक उदाहरण सांगतो. माझा एक जुना विद्यार्थी, अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात असलेला, उन्हाळ्याच्या सुट्टीत मला भेटावयास आला. बोलता बोलता मी त्याला विचारले, की या दोन वर्षांतली कोणती गोष्ट तुझ्या मनातून कधीच जाणार नाही? तो पुष्कळ वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सर, पहिल्या वर्षाच्या परीक्षेत माझी आजी गेली. मला कळविले नाही. शेवटची प्रश्नपत्रिका झाल्यावर काका घ्यायला आले, तेव्हा गाडीत सांगितले. रोज रात्री फोनवर आई 'सगळे ठीक आहे' म्हणत होती. सुतकात मी पाच प्रश्नपत्रिका लिहिल्या." नंतर तो जे म्हणाला ते मला अधिक लागले. तो म्हणाला, "त्यांनी माझ्या भल्यासाठीच केले, हे मला पटते. पण तेव्हापासून घरून 'ठीक आहे' असे ऐकले की मला रात्री झोप येत नाही."

वाचकहो, यात कोणाचे चुकले हे ठरविण्यास मी बसलो नाही. परीक्षेच्या दिवसांत मुलाला दुःखद वार्ता कळवू नये ही आपल्या घराघरांतील रीत आहे, आणि तिच्यामागे प्रेमच असते. त्या घराने आपल्या समजुतीने मुलावर अभ्यासाचा, कर्तव्याचा संस्कार केला. ठसा उमटला तो मात्र अविश्वासाचा. आणि दोन वर्षे होत आली तरी घरात कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. कारण मुलगा सुट्टीत घरी आला की 'विशेष काही नाही' असेच सांगत असे.

मी त्याला सुचविले, की हे वडिलांना तोंडाने सांगता येत नसेल तर लिही. त्याने चार पाने लिहिली. वडिलांनी ती वाचली, घडी करून पंचांगात ठेवली आणि काही एक बोलले नाहीत. परंतु पुढच्या पावसाळ्यात चुलत्यांना इस्पितळात हलवावे लागले, तेव्हा रात्री दोन वाजता वडिलांनी स्वतः मुलाला फोन केला. त्या वेळीही परीक्षाच चालू होती.

विद्यार्थ्याने घरच्या वडील माणसांना मनातले सत्य लिहून कळविण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. डेक्कन कॉलेजात एम. ए. चा अभ्यास करीत असता गोपाळ गणेश आगरकरांनी आपल्या आईस लिहिलेले पत्र महाराष्ट्रात प्रसिद्धच आहे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली दारिद्र्यात जन्मलेला हा मुलगा. एकच सदरा रात्री धुऊन वाळत घालावयाचा आणि सकाळी तोच घालून कॉलेजात जावयाचे, अशी त्याच्या विद्यार्थिदशेची हकीकत सांगतात. अशा मुलाच्या आईने काय काय मनोराज्ये केली असतील! मुलाने त्या पत्रात ती मनोराज्ये आपल्या हाताने मोडली. मोठ्या परीक्षा झाल्या म्हणजे मोठ्या पगाराची चाकरी लागेल अशी आशा धरू नकोस; पोटापुरता पैसा मिळवून उरलेला वेळ लोकांच्या कामी घालवावयाचे मी ठरविले आहे, असा त्याचा आशय. पुढे न्यू इंग्लिश स्कूल, 'केसरी', १८८८ साली 'सुधारक', फर्ग्युसन कॉलेजचे आचार्यपद, आणि १८९५ साली एकोणचाळिसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी मृत्यू, हे सर्व ज्ञात आहे. मला त्या पत्रातले धैर्य निराळ्या ठिकाणी दिसते. स्वार्थत्यागाचा निश्चय पुष्कळ तरुण करतात. तो निश्चय आईला आधी कळविणारे थोडे. पुष्कळांच्या आया तो दहा वर्षांनी, शेजाऱ्यांच्या तोंडून ऐकतात.

महर्षी धोंडो केशव कर्वे यांची गोष्ट याहून वेगळी. त्यांनी आपले 'आत्मवृत्त' १९१५ साली, म्हणजे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी प्रसिद्ध केले. त्यातील विद्यार्थिदशेच्या भागात साऱ्यांना आठवते ती साताऱ्याची पायपीट. सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठी, १८७५ च्या सुमारास, हा कोकणातला मुलगा दापोलीजवळच्या मुरुडाहून निघून सह्याद्री ओलांडून साताऱ्यास पायी गेला. सुमारे ११० मैलांची वाट, चार दिवसांचा प्रवास. परीक्षेस बसण्यास सतरा वर्षांचे वय लागे. त्याचे तितके वय पुरे होते. परंतु शरीराने किरकोळ, त्यामुळे 'तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस' असे म्हणून मंडळींनी त्याला परत पाठविले. पुढे १८८४ साली तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाला आणि त्या पुढच्या कार्याचा विस्तार सर्वश्रुत आहे. पदवी मिळाल्याचा दिवसही त्यांना आठवत असेलच. परंतु वाचकाच्या मनात घर करून राहते ती नापसंतीची वार्ता घेऊन घाट उतरणारी मुलाची आकृती. कर्व्यांनी ती गोष्ट कोणावर राग न धरता सांगितली आहे. राग न धरता सांगण्यास मध्ये चाळीस वर्षे गेली होती, हेही लक्षात ठेवावयास हवे. त्या मुलाने मुरुडास परतल्या रात्री आईपाशी काय सांगितले असेल, ते ऐकावयास मला अधिक आवडले असते.

आता ज्यांच्यासाठी हा लेख मुख्यतः लिहावयास घेतला त्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याकडे वळतो. श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ सालची कादंबरी बहुतेक घरांत वाचली गेली आहे, आणि २०१९ साली आलेला चित्रपटही पुष्कळांनी पाहिला असेल. तेव्हा कथाभागात फार न शिरता इतकेच सांगतो. १८६५ सालच्या मार्च महिन्याच्या ३१ तारखेस जन्म, माहेरचे नाव यमुना, घराणे कल्याणचे. नवव्या वर्षी विवाह, तोही टपालखात्यात नोकरीस असलेल्या आणि सुमारे वीस वर्षांनी वडील अशा बिजवराशी. चौदाव्या वर्षी मुलगा झाला; तो दहा दिवस जगला. गोपाळरावांच्या बदल्यांबरोबर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता असे फिरत फिरत शिक्षण झाले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, वयाला अठरा वर्षेही पुरी नसता, बंगालमधील सेरामपूर येथील कॉलेजच्या दिवाणखान्यात त्यांनी इंग्रजीत व्याख्यान दिले आणि आपण एकटीच अमेरिकेस का जाते, परत आल्यावर जातीने बहिष्कार घातला तर काय करीन, अशा एकेका प्रश्नाचे उत्तर दिले. ७ एप्रिलला कलकत्त्याहून जहाज सुटले. ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. या बाईंना आनंदीबाई 'मावशी' म्हणत. त्या शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात त्यांचे नाव दाखल झाले.

येथून पुढे जी तीन वर्षे, तीच त्यांची विद्यार्थिदशा. आणि ती आपल्याला ठाऊक आहे ती मुख्यत्वे त्यांच्या पत्रांमुळे. गोपाळरावांना मराठीत, मावशींना इंग्रजीत. कॅरोलाइन डॉल या अमेरिकन बाईंनी १८८८ साली बोस्टन येथे त्यांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले, आणि काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिले. त्या चरित्रांचा प्राण ही पत्रेच होत. त्यांत मोठे प्रसंग थोडे आहेत. खोलीतील शेगडी नीट पेटत नाही. पेटवावी तर धूर, न पेटवावी तर थंडी. शाकाहाराचे व्रत, म्हणून स्वयंपाक आपल्या हाताने, तोही अभ्यासातून वेळ काढून. आजारपण पाठीशी लागलेले. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात आणि त्या देशाची थंडी सोसवत नाही, म्हणून गुजराथी पद्धतीने साडी नेसण्यास प्रारंभ केला. तेही मनास येईल तसे नव्हे, तर पतीस कारण कळवून. आज आपल्या घरातील मुलगी दूर देशी शिकावयास गेली म्हणजे तिच्या वेषावरून घरात जी कुजबूज चालते, ती करणाऱ्यांनी हा पत्रव्यवहार अवश्य वाचावा. एकोणीस वर्षांच्या मुलीने थंडीसारखी साधी गोष्ट किती संयमाने समजावून दिली आहे!

कारण पलीकडून येणारी पत्रे नेहमी समजूतदार नसत. ज्या गोपाळरावांनी हट्टाने बायकोला शिकविले, साऱ्या समाजाशी वैर पत्करून तिला समुद्रापार पाठविले, तेच दूर राहिल्यावर संशयाने आणि रागाने लिहू लागले. या मनुष्याला दैत्य ठरविणे सोपे आहे आणि देव ठरविणेही सोपे आहे. आपल्याकडे दोन्ही झाले आहे. आनंदीबाईंनी दोन्हीही केले नाही. अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी गोपाळरावांना त्यांच्याच वागण्याची आठवण करून दिली. दहा वर्षांची असता लाकडाच्या तुकड्यांनी मारणे, पुढे पुस्तके आणि खुर्च्या अंगावर फेकणे, सोडून जाण्याचा धाक घालणे, हे सर्व वयाच्या क्रमाने त्यांनी लिहिले. त्या वयात नवऱ्याला उलट बोलण्याची सोय नव्हती, म्हणून निमूट सोसले हेही लिहिले. आणि मग त्या वागण्याला चांगले म्हणावे की वाईट, या प्रश्नावर त्यांनी जो निर्णय दिला तो असा, की ते दोन्ही होते.

हा निर्णय मी अनेकदा वाचला आहे आणि प्रत्येक वेळी मला तो न्यायाधीशाच्या निकालासारखा वाटला आहे. 'तुम्ही मारले नसते तर मी शिकले नसते' असे लिहून नवऱ्याला खूष करणे तिला शक्य होते. 'तुम्ही मारले, आता मी तुमची नाही' असे लिहिणेही, सात समुद्र ओलांडल्यावर, फारसे कठीण नव्हते. तिने पुरावा मांडला, दोन्ही बाजू पाहिल्या आणि दोन्ही खऱ्या आहेत असे सांगितले. अक्षरओळख ज्याने करून दिली, त्याच्याच हातून मार खाल्ला. त्याच अक्षरांत त्याला ते लिहून कळविले. गोपाळराव आपण संस्कार करीत आहोत अशाच समजुतीने वागत होते, यात मला शंका नाही. त्या संस्कारांतले काय उमटले आणि कसे उमटले, हे त्यांना हजारो मैलांच्या प्रवासानंतर टपालाने कळले.

येथे कोणी वडील गृहस्थ म्हणतील, की मास्तर, मुलांना असे लिहावयास शिकविले तर घरात वडिलांची मर्यादा राहील काय? प्रत्येक पोर उठून आपल्या लहानपणच्या चपराकांचा हिशेब मांडू लागेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. आजकाल मनातले सर्व काही जगापुढे मांडण्याची जी टूम निघाली आहे, ती मलाही रुचत नाही. आईबापांची उणी ज्यांना ती दूर करता येणार नाहीत अशा हजार अनोळखी लोकांना सांगून काय साधते? आगरकरांनी आईला लिहिले, आनंदीबाईंनी नवऱ्याला लिहिले. ज्याला कळावयास हवे त्यालाच लिहिले. मर्यादा म्हणतात ती हीच. ती मुलांनी राखावी हे खरे; परंतु घरात लिहिण्याबोलण्याची वाट बंद केली म्हणजे पाणी बाहेरच्या वाटेने जाणार, हे सांगावयास शास्त्राधार नको.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मला एका आजीबाईंनीच ऐकविला. त्या म्हणाल्या, मुलगा दुःखाची आठवण सांगू लागला, की आम्ही लगेच त्याची समजूत घालतो. तो आणखी काय करणार? त्यांना मी म्हटले, आजी, समजूत घालण्याची घाई करू नका. 'तसे नव्हते रे बाबा, त्या वेळी परिस्थितीच अशी होती' हे वाक्य आपल्या घरांत इतक्या त्वरेने उच्चारले जाते, की सांगणाऱ्याचे अर्धे सांगणे तोंडातच राहते. परिस्थिती तशी असेलही. ती उद्या सांगता येईल. नैयायिकांच्या भाषेत बोलावयाचे, तर त्याच्या मनावरचा ठसा कोणता हा प्रश्न चालू असता, तुमच्या मनातला हेतू कोणता होता हे उत्तर अप्रस्तुत होय. आजीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, अप्रस्तुत बोलण्यातच आमचा जन्म गेला."

एकत्र कुटुंबात या बाबतीत एक मोठी सोय आहे आणि तिचा उपयोग आपण करीत नाही. बापाला जे सांगता येत नाही ते काकाला सांगता येते, आईला न सांगता येणारे आत्येपाशी बोलता येते. आनंदीबाईंना परदेशात मावशी लाभली. रक्ताचे नाते नाही, धर्म निराळा, भाषा निराळी. परंतु तिला लिहिलेल्या पत्रांत ही मुलगी मोकळी होते. आपल्या घरात सख्ख्या काकू आणि आत्या असता मुलांना मोकळे होण्यास बाहेरच्या मावश्या का शोधाव्या लागतात, याचा विचार ज्याने त्याने आपल्या घरापुरता करावा. फोनवर रोज अर्धा तास बोलणे होते, असे पालक मला सांगतात. त्या अर्ध्या तासात 'जेवलास का' आणि 'ठीक आहे' याखेरीज काय असते? पत्र लिहिताना मनुष्याला वाक्य पुरे करावे लागते, आणि वाक्य पुरे करू लागला की स्वतःला काय वाटते ते त्याचे त्यालाच कळू लागते. म्हणून वर्षातून एक पत्र, फार नाही, आपल्या वाढदिवशी, वसतिगृहातून घरी यावे असे मी माझ्या नातवंडांना सांगून ठेवले आहे. दोघे लिहितात. तिसरी म्हणते, मी मोबाईलवर बोलून ध्वनिमुद्रण पाठवीन. तेही मी मान्य केले आहे, जरी तिच्या बोलण्यात अल्पविराम मुळीच नसतात.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली. गोपाळराव आदल्या वर्षीच अमेरिकेत येऊन पोहोचले होते. समारंभास पंडिता रमाबाई मुद्दाम इंग्लंडहून आल्या होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. परंतु क्षयाने शरीर आधीच पोखरले होते. ऑक्टोबरात त्या न्यूयॉर्कहून निघाल्या, नोव्हेंबरात मुंबईस उतरल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. बावीस वर्षे पुरी होण्यास एक महिना उणा होता. रक्षा मावशींकडे अमेरिकेस पाठविण्यात आली. न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या स्मशानभूमीत ती विसावली आहे.

कर्व्यांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले. सातारची वाट आठवण्यास आणि तिचा राग निवण्यास त्यांना अवधी मिळाला. आनंदीबाईंनी सत्तावन्नाव्या वर्षी काय लिहिले असते, ते कोणालाच सांगता यावयाचे नाही. धुराच्या खोलीत, परीक्षेच्या धांदलीत, अठरा ते एकवीस या वयात जे लिहिले तेवढेच उरले. त्यातले ते मारझोडीचे पत्र गोपाळरावांच्या नावचे होते. ते चुलीत घालणे सर्वस्वी त्यांच्या हातचे होते. त्यांनी ते घातले नाही.